मागचा गिटारवाला

गिटार वाजवून पोट भरतो असं सांगितलं की आमच्या भागातला माणूस हमखास विचारायचा, "थे ठीक हाय, पन काम काय करता?" मी दारव्ह्याचा. आजोबा कचेरीत, वडील कोर्टात, थोरले बंधू जिल्हा परिषदेत. टेबलखुर्चीला पाठ दाखवणारा घरातला मी पहिलाच. वडिलांना कुणी माझ्याबद्दल विचारलंच तर ते म्हणत, "धाकटा संगीतात आहे," आणि असं काही म्हणत की ऐकणाऱ्याला पाटबंधारे, बांधकाम तसं संगीत हेही एखादं सरकारी खातं वाटावं. त्या खात्यात मी पंचवीस वर्षं काढली. पेन्शन नाही, पण बदलीही कधी झाली नाही.

संपादकांनी आठवणी मागितल्या तेव्हा मी एकच अट घातली, की सगळ्यांची नावं बदलून लिहीन. कशासाठी, ते वाचणाऱ्याला शेवटी कळेल.

आधी धंदा समजावून सांगतो. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे नऊ माणसं आणि एक जीप. दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, बेंजो, ढोलक, खंजिरी, मी, आणि मालक दिगूभाऊ. दिगूभाऊ निवेदन करायचे आणि यजमानांशी भांडायचे. लग्नं, बारशी, जयंती, शारदोत्सव, जिथं बोलावलं तिथं जायचं. त्यात गिटारवाल्याचं काम फटीतलं. गायक श्वास घ्यायला थांबला की तेवढ्या जागेत एक तुकडा वाजवायचा आणि मुकाट मागे सरायचं. बाकी सारा वेळ तालाला धरून छक-छक करत राहायचं. ही छक-छक चालू असताना कुणाच्या कानात शिरत नाही. बंद पडली की मात्र गायक मान वळवून बघतो.

माझी गिटार साधी होती, पोकळ लाकडी, वायर न लागणारी. समोर माइक धरायचा, झालं. यावरून ढाणकीला एका नवरदेवाच्या मामानं कार्यक्रम अडवून धरला होता. "हिले वायर काहून नाही? बिनवायरची गिटार आनून फसवून राह्यले काय आमाले?" दिगूभाऊंनी त्यांच्यासमोर अदबीनं मान हलवली, जीपमधून एक तुटकी वायर आणली, तिचं एक टोक माझ्या गिटारीला सुतळीनं बांधलं आणि दुसरं सतरंजीखाली सारलं. पहिलं गाणं झाल्यावर मामा येऊन म्हणाले, "आता कसा आवाज आला!"

वणीला एका कोळशाच्या ट्रकमालकानं आम्हाला नव्या ट्रकच्या पूजेला बोलावलं होतं. भजन झालं, दोन गाणी झाली, मग त्यांनी फर्माईश केली की ट्रकचा हॉर्न गिटारीवर वाजवा. हॉर्न पाच सुरांचा, फार काही अवघड नव्हता. मी वाजवला. लगेच केबिनमधून ड्रायव्हरनं खऱ्या हॉर्ननं उत्तर दिलं. मी पुन्हा वाजवला, त्यानं पुन्हा दिलं. अर्धा तास आमची ही जुगलबंदी चालली आणि मालक डोळे पुसत होते. पंचवीस वर्षांत माझ्या वाजवण्यानं रडलेला तो एकमेव श्रोता.

हे सगळे बरे दिवस. पुढे कापसाची ती पडती वर्षं आली. भाव येईल म्हणून लोकांनी कापूस विकला नाही. तो घराघरांत पडून राहिला, आणि ज्या घरात कापूस पडून आहे त्या घरात ऑर्केस्ट्रा जात नाही. आमच्या धंद्यात तेव्हा 'अर्धी पार्टी' हा नवा प्रकार निघाला. म्हणजे नऊऐवजी पाचच जण पाठवा. कोणते पाच, यावरून आमच्यात जीपमध्ये जी भांडणं होत ती कोणत्याही कार्यक्रमापेक्षा रंगतदार असायची. एकदा एका घरी ओसरीवर वाजवायला बसलो तर मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. ढोलकवर थाप मारली की आवाज कुठं जातो तेच कळेना. नामदेवभाऊ म्हणाले, "कापूस आवाज खाते, वसंता. त्याले भाव पाह्यजे, थो आपली ढोलक खाऊन राह्यला."

हे नामदेवभाऊ आमचे ढोलकवाले. राहायचे बोरी अरबला. माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे, अंगानं किरकोळ, आणि ढोलक मांडीखाली दाबून बसले की अख्ख्या मांडवाचे मालक. त्यांच्या ठेक्याच्या दोन खुणा होत्या. एक म्हणजे घिस्सा. डाव्या तळहाताची टाच कातड्यावर घासून ते असा घूंऽऽम आवाज काढत की पोटात कळावा. दुसरी म्हणजे दर चौथ्या फेरीला ते एक ठोका गाळत. नुसता गाळत, तिथं काहीच वाजत नसे. मी विचारलं तर म्हणाले, "तेवळ्यात मानूस शिस घेते. ऐकनाऱ्यालेई शिस पाह्यजे ना." शिस म्हणजे श्वास.

आता कॅसेटची गोष्ट. वणीला भंगारवाल्याकडे जुन्या कॅसेटचं एक खोकं आलं होतं. कोळसा खाणीतले एक इंजिनियर बदलीवर चालले होते, त्यांचं सामान. कोऱ्या कॅसेट महाग, म्हणून मी त्यातली एक तालमी भरून घ्यायला उचलली. जुन्या कॅसेटवर पुन्हा भरायचं तर वरच्या कडेच्या भोकात कागदाचा बोळा कोंबायचा, ही युक्ती माझ्या वयाच्या लोकांना माहीत असेल. तर बोळा कोंबला आणि नामदेवभाऊंच्या ढोलकची तालीम भरायला लागलो. सात-आठ मिनिटं झाली आणि लाईट गेली. तेव्हा लोडशेडिंग होतं, लाईट जायची ती वेळापत्रकानं जायची, फक्त वेळापत्रक आम्हाला माहीत नसायचं. दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊंना ऐकवायला म्हणून कॅसेट लावली. ढोलक वाजली, वाजली, मध्येच तुटली, आणि त्या तुटलेल्या जागेतून एक गिटार बाहेर आली.

मी तोवर पंधरा वर्षं गिटार वाजवत होतो आणि आपल्याला गिटार येते अशी माझी समजूत होती. ती समजूत साधारण अर्ध्या मिनिटात गेली. तो माणूस सूर वाजवत नव्हता, उधळत होता, आणि उधळलेला प्रत्येक सूर बरोबर जिथं पडायला हवा तिथंच पडत होता. मध्येच खट्याळपणानं थांबायचा, एका तारेला नुसता चिमटा काढायचा आणि पुन्हा सुटायचा. मला हसू आलं. मग मला रडू आलं. मग मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली.

नामदेवभाऊंनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "वाजवते थो वाजवते, त्यात काही वाद नाही. पन यात ढोलक कोठी हाय बे?"

"ढोलक नाहीच, भाऊ. तबला नाही, काहीच नाही."

"मंग ताल कोन धरून राह्यलं? आयक नीट. मांगं कोनी तरी हाय. दुसरी गिटार हाय मांगं, छक-छक करून राह्यली. समोरचा उडून राह्यला थो त्याच्या भरोशावर. त्याले आयक तू."

मी कसला ऐकतो! मला समोरचाच दिसत होता.

पुढच्या आठवड्यात वणीला गेलो तेव्हा त्या इंजिनियरसाहेबांना गाठलं. ते सामान बांधत होते. कॅसेट हातात घेऊन म्हणाले, "अरे, ही तर जिप्सींची गिटार. युरोपातले भटके लोक. लग्नात, जत्रेत वाजवतात, बापाकडून पोराकडे विद्या जाते. कागदावर काही नाही."

लग्नात वाजवतात हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे माणूस आमच्याच धंद्यातला होता. मी विचारलं, "पण वाजवणाऱ्याचं नाव काय?"

"ते सुरुवातीलाच सांगितलंय की त्यात. मला आता आठवत नाही. ऐकलं नाहीस?"

सुरुवातीला नामदेवभाऊंची ढोलक होती. ज्याला मी गुरू केलं त्याचं नाव मी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं, आणि ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यानंतर वर्षभर मला दुसरं काही सुचलं नाही. डाव्या हाताची बोटं सोलून निघाली. बायको म्हणायची, "वाजवता का पळता? कोण लागलंय तुमच्या मागे?" दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावर लग्नात वाजवायला गेलो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या नाईकाला कॅसेट ऐकवली. त्यानं बराच वेळ मान डोलावली आणि निकाल दिला, "आपलाच मानूस दिसते." हळूहळू मला जमायला लागलं. म्हणजे शंभरातले सात-आठ सूर जमायला लागले, पण जिल्ह्यात तेवढेसुद्धा कुणाकडे नव्हते. मग मी ते जिथं तिथं घालायला लागलो. गायक श्वास घ्यायला थांबला की त्याचा श्वास घेऊन होई, पाणी पिऊन होई, तरी माझा तुकडा संपत नसे. लोक टाळ्या वाजवत आणि मी चेकाळत असे.

नामदेवभाऊंना एकच मुलगी, मित्रा. आई लहानपणीच गेलेली, म्हणून सुट्टीत ती बापाबरोबर जीपमध्ये असायची. ढोलकच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपायची आणि कार्यक्रमात स्टेजच्या कडेला बसून ठेका मांडीवर धरायची. आठ-नऊ वर्षांची असताना एकदा जीपमध्ये तिनं जाहीर केलं, "बाबा, माह्या लग्नात ढोलक तुमीच वाजवजा. दुसरं कोनी वाजवलं तं मी लगनच नाही करनार." नामदेवभाऊंनी सगळ्यांसमोर तिच्या हातावर हात मारून वचन दिलं. दिगूभाऊ म्हणाले, "पार्टी माह्याकडून, फुकट वाजवू." आम्ही सगळे हसलो. पुढे ती मोठी झाली, बारावी झाली, शिवणकाम शिकली, पण ते वचन काही विसरली नाही. दर जयंतीला भेटली की आठवण करून द्यायची.

आता जे सांगायचं आहे ते मला आजही सांगवत नाही, पण त्यावाचून पुढे जाता येत नाही.

ढाणकीला दुपारचं लग्न होतं. जीपमध्ये नामदेवभाऊ डावं मनगट चोळत होते. मला म्हणाले, "वसंता, कालपासून मनगट ठनकून राह्यलं. आज जरा सबुरीनं घेजो." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. पण शेवटच्या गाण्याला पब्लिक उठून नाचायला लागलं, कुणीतरी ओरडलं, "गिटार! गिटार!" आणि माझ्या डोक्यातून मनगट पार निघून गेलं. मी लय वाढवली. मग दुप्पट केली. मग त्याहून वाढवली.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ढोलकवाला आधी थांबत नाही. समोरचा कितीही पळाला तरी त्याला गाठायचं, तोंडघशी पाडायचं नाही. तो थांबला की मग आपण थांबायचं. नामदेवभाऊंनी नियम पाळला. मी चार-पाच मिनिटं उधळत होतो आणि ते माझ्यामागे एक ठोका न चुकवता येत होते. मी शेवट केला, टाळ्या झाल्या, मी वाकून नमस्कार केला, वळून पाहिलं तर ते डावा हात उजव्या हातात धरून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाले, "वाजवलं बाप्पा तू आज."

मनगटातली शीर गेली होती. गावात बांधून घेतलं, यवतमाळला दाखवलं, सहा महिने लेप लावले. कपबशी उचलता येई, सदऱ्याची बटणं लावता येत, पण घिस्सा गेला तो गेलाच. एका हाताची ढोलक नसते. दिगूभाऊंनी दोन महिने वाट पाहिली आणि ऑक्टोपॅड आणला. ऑक्टोपॅड म्हणजे रबराचे आठ चौकोन. काडीनं मारलं की बटण लावाल ते वाद्य वाजतं, ढोलकसुद्धा. तो वाजवायला प्रवीण नावाचा चांगला तयारीचा माणूस आला. नामदेवभाऊंना बोरी अरबच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चौकीदारी मिळाली.

त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मी भेटायला गेलो असतो. दिला नाही म्हणून मला तोंड दाखवायची लाज वाटली, आणि दारव्ह्याहून बोरी अरब हाकेच्या अंतरावर असून मी दीड वर्ष तिकडे फिरकलो नाही. कॅसेट मी कपाटात टाकून दिली. समोरचा गिटारवाला मला नकोसा झाला होता.

एका सकाळी नामदेवभाऊच सायकलवर घरी आले. चहा घेतला, माझ्या मुलांची चौकशी केली आणि म्हणाले, "मित्राचं लगन जमलं. पोरगा चांगला हाय, पुसदले मेडिकल दुकानात काम करते. सामूहिकात करून राह्यलो. आमच्याच जिनिंगमंधी हाय मेळावा. अन् आयकलं का पार्टी तुमचीच हाय."

त्या वर्षांत सामूहिक विवाह गावोगाव व्हायचे. एकाच मांडवात तीस-चाळीस जोडपी. त्यात कमीपणा कुणी मानत नसे, सगळ्यांची वेळ सारखीच होती. मी अभिनंदन केलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"पोरगी काही बोलत नाही. पन मले माहीत हाय तिच्या मनात काय हाय थे." त्यांनी डावं मनगट उजव्या हातानं झाकलं. "थ्या मशीनवर ढोलकचं बटन हाय ना? थे तेवळं लावाले सांगजो प्रवीणले. तिले ढोलक आयकू आली पाह्यजे."

मी म्हटलं, "लावतो, भाऊ." त्यांची सायकल वळणाआड गेली तसा मी आत जाऊन कपाटातली कॅसेट काढली.

बटणावरच्या ढोलकमध्ये घिस्सा होता, पण तो कारखान्यात भरलेला. चौथ्या फेरीला गळणारा ठोका तर कोणत्याच बटणात नव्हता. मित्राच्या कानाला ते कळल्याशिवाय राहिलं नसतं. कॅसेटच्या सुरुवातीला मात्र नामदेवभाऊंची सात-आठ मिनिटं, ऐकून शिकायला, जशीच्या तशी होती. आणि त्याच कॅसेटवर पुढे तो मागचा माणूस होता, जो गिटारनं ढोलकचं काम करत होता. नामदेवभाऊंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्याला ऐक. ऐकायला मला अडीच वर्षं लागली.

ऐकलं तेव्हा कळलं की सगळी कमाल डाव्या हातात आहे. बोटं दाबून सूर काढायचा आणि तो पुरता उमटायच्या आत बोटं सैल सोडायची. आवाज तुटका, कोरडा, थापेसारखा येतो. उजव्या हाताला फक्त मनगटाचा झटका. दोन दिवसांत ते जमतं, आणि पाच मिनिटांत हात भरून येतो. त्यात कुठं वळसा नाही, चमक नाही, कुणी टाळी द्यावी असं काही नाही. घिस्स्यासाठी मी आठवडाभर झटलो. शेवटी सापडलं. जाड तारेवर अंगठ्याची कड घासत खाली आणली की पोकळ खोक्यातून घूंऽऽम निघतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "नामदेवभाऊ आले का?" तिथं मी गिटार खाली ठेवली.

प्रवीणला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमी मशीनच्या संगं वाजवा, मी ठेका हलका ठेवतो." भला माणूस. एवढीच योजना होती आमची. पुढचं आयोजकांनी घडवलं.

जिनिंगचं गोदाम त्या दिवशी झाडून लख्ख केलं होतं. नामदेवभाऊंनी स्वतः झाडलं होतं. वर पत्रे, खाली फरशी आणि आत कापसाचं बोंडसुद्धा नाही. मुहूर्त दीड वाजताचा होता. तो पंचांग पाहून काढला होता तसाच लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनही काढला होता, कारण तीनला लाईट जायची. पण पुढाऱ्यांना वेळापत्रक कोण सांगणार? एकेक पाहुणा उठायचा, दोनच शब्द बोलतो म्हणायचा आणि कापूस, पाऊस, दिल्ली, मुंबई सगळं फिरून यायचा. घामानं नवरदेवांच्या कपाळावरचं बाशिंग सुटायला आलं. अडीच वाजून गेले तेव्हा कुठे लग्नं लागायला सुरुवात झाली.

गोदामाच्या एका अंगाला अंतरपाट धरून मंगलाष्टकं, दुसऱ्या अंगाला बुद्धमूर्तीसमोर भंतेजी आणि पांढऱ्या साड्यांतल्या मुली. मित्रा त्यात शेवटून तिसरी. नातेवाइकांना स्वयंसेवकांनी दोराच्या पलीकडे उभं केलं होतं, नाहीतर चाळीस जोडप्यांना हवासुद्धा मिळाली नसती. तिथून मित्राला ना बाप दिसत होता, ना स्टेज.

आमचं काम ठरलेलं. इकडे शेवटचं 'सावधान' आणि तिकडे 'साधु, साधु, साधु' झालं की त्याच क्षणी वाजलं पाहिजे. तिथं वाजलं नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही, पाहुणे एकमेकांकडे बघतात आणि म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावतात. मी घड्याळाकडे पाहिलं. तीनला दोन कमी. प्रवीणनं काड्या उचलल्या. साधुकार सुरू झाला आणि पंखे थांबले.

माइक गेला, कीबोर्ड गेला, ऑक्टोपॅडचे दिवे विझले. बाहेर जनरेटर दोनदा घरघरला आणि गप्प झाला. 'साधु' म्हणून झालं, अक्षता पडल्या, फुलं पडली, आणि मग काहीच नाही. शेकडो माणसं आणि आवाज म्हणून नाही. प्रवीण त्या रबराच्या चौकोनांवर काडी मारून बघत होता, टप, टप. दिगूभाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वसंता, कर ना बे काहीतरी!"

मी गिटार छातीशी धरली आणि ठेका सुरू केला.

कापूस नसलेल्या त्या गोदामानं तो उचलला. कापूस आवाज खातो, तसा पत्रा तो परत देतो. छक-छक वर जाऊन दुप्पट होऊन खाली येत होती. पहिला घिस्सा दिला, घूंऽऽम, आणि दोराच्या पलीकडे नामदेवभाऊंची मान झटकन वर झालेली मला दिसली. चौथ्या फेरीला मी ठोका गाळला. अख्ख्या गोदामानं श्वास घेतला. मग लोकांनी टाळ्यांनी ताल धरला आणि आमच्या गायिकेनं माइकवाचून गाणं उचललं.

मी अर्धा तास तेवढंच वाजवलं. खरं सांगतो, बोटं शिवशिवत होती. असा आवाज, अशी गर्दी, सगळा मांडव माझ्या हातात, आणि एखादा तुकडा उधळला असता तर लोकांनी मला खांद्यावर घेतलं असतं. पंचवीस वर्षांत तशी दुसरी संधी आली नाही. मी एकही तुकडा वाजवला नाही. हात खांद्यापर्यंत भरून आला, पण थांबलो नाही. ढोलकवाला आधी थांबत नाही.

लाईट आली नाहीच. जेवणं झाली, जीप भरायला घेतली, तेव्हा नामदेवभाऊ आले. डोक्याला नवा पांढरा फेटा होता. माझ्याजवळ येऊन उगाच गिटारीची पिशवी सारखी केली.

"मित्राचं पाया पडनं झालं," ते म्हणाले. "मले म्हने, बाबा, हात बरा झाला काय तुमचा? काहून नाही सांगतलं मले?"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"मी म्हनलं, तुह्यासाठीच ठेवला होता राखून." त्यांनी फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "खोटं बोललो, वसंता. वाजवलं तू अन् नाव माह्यं झालं. राग तं नाही आला?"

मी नाही म्हटलं. त्यांनी ते डावं मनगट माझ्या खांद्यावर ठेवलं आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो. हसता हसता ते म्हणाले, "तिसऱ्या फेरीत घाई केली तू जराशी."

नामदेवभाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ऑर्केस्ट्राही मोडला, डीजेनं सगळ्यांनाच घरी बसवलं. कॅसेट अजून आहे, ती वाजवायचं यंत्र नाही. गेल्या हिवाळ्यात पुसदच्या बसस्टँडवर एका बाईनं हाक मारली, "काका!" मित्रा होती. केसांत थोडी रुपेरी छटा, बरोबर कॉलेजातली मुलगी. मुलीला म्हणाली, "हे वसंताकाका, बाबाच्या पार्टीत होते. गिटार वाजवत." मुलीनं नमस्कार केला.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. जीप, ढोलकची पिशवी, दिगूभाऊंची भांडणं. बोलता बोलता ती म्हणाली, "माह्या लग्नात लाईट गेलती, आठवते काय तुमाले? सगळं बंद झालं, अन् बाबानं ढोलक वाजवली. एवळा हात दुखत असून. मी पोरीले नेहमी सांगतो." तिचे डोळे भरून आले होते. ती थांबली आणि जरा आठवून म्हणाली, "तुमी होते काय हो काका त्या दिवशी? मले तं बाबाची ढोलकच आठवते."

"होतो ना," मी म्हटलं. "मांगं होतो."